आखाजीच्या रात्री गच्चीवरचा मोठा पडदा: प्रोजेक्टर, खेळ आणि बैठकीची सविस्तर तयारी

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घर जितके भरलेले असते तितके ते दिवाळीतही क्वचितच असते. माहेरवाशिणी आलेल्या असतात, मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, रब्बीचे शेत मोकळे झालेले असते आणि जुन्या सालदाराचे साल संपून नवे ठरवण्याची बोलणी ओट्यावर चाललेली असतात. दिवस झोक्यांत, गौराईच्या गाण्यांत, आमरस-पुरणपोळीत आणि पत्त्यांच्या डावांत कसा जातो ते कळत नाही. जेवणे उरकल्यावर मात्र हल्ली जो तो आपापला मोबाइल घेऊन आपापल्या कोपऱ्यात जातो. प्रोजेक्टर स्वस्त झाल्यापासून जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अनेक घरांनी या वेळेसाठी गच्चीवर मोठा पडदा लावायला सुरुवात केली आहे. त्याची तयारी कशी करावी, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

ही रात्र रंगते की फसते, हे प्रोजेक्टरच्या किमतीपेक्षा वीज, उष्मा, वारा, आवाज आणि बसण्याची जागा या पाच गोष्टींवर ठरते. आठ हजारांचा प्रोजेक्टर नीट लावला तर चाळीस माणसे आनंदाने बसतात, आणि साठ हजारांचा प्रोजेक्टर तापलेल्या स्लॅबवर ठेवला तर तो ऐन रंगात आल्यावर बंद पडतो. म्हणून पुढे यंत्राविषयी बेताचे आणि बाकीच्या गोष्टींविषयी अधिक लिहिले आहे.

जागा आधी, खरेदी नंतर

प्रोजेक्टर घेण्यापूर्वी एका रात्री साडेआठ वाजता गच्चीवर जाऊन उभे राहावे. रस्त्यावरचा दिवा कोणत्या बाजूने येतो, शेजाऱ्याच्या जिन्यातला दिवा कुठे पडतो आणि पांढरी सपाट भिंत कोणती आहे, हे तीन प्रश्न तिथेच सुटतात. बहुतेक पक्क्या घरांत गच्चीवर निघणाऱ्या जिन्याच्या खोलीची बाहेरची भिंत ही सर्वांत चांगली जागा ठरते. ती वाऱ्याने हलत नाही, तिच्यासाठी बांबू उभे करावे लागत नाहीत आणि पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात दिले की ती विकतच्या पडद्याच्या जवळपास जाते. भिंतीवर पथदिव्याचा थेट उजेड येत असेल तर दुसरी भिंत शोधावी, कारण तो उजेड प्रोजेक्टर कितीही चांगला असला तरी चित्रातला काळा रंग राखाडी करून टाकतो.

जुन्या वाड्यांतील आणि खेड्यांतील धाब्याच्या घरांबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लाकडी कड्या-पाटांवर मातीचा थर घालून केलेले धाबे दोन-चार माणसांच्या झोपण्यासाठी असते. त्यावर तीस-चाळीस माणसे एका बाजूला दाटीने बसवणे धोक्याचे आहे, विशेषतः कड्यांना वाळवी लागली आहे की नाही हे कोणी पाहिलेले नसेल तर. अशा घरी अंगणात बैठक मांडावी आणि ओट्यामागच्या भिंतीला पडदा लावावा. गच्चीला कठडा नसेल किंवा तो गुडघ्याइतकाच असेल तरीही अंगणच बरे, कारण अंधारात, पडद्याकडे डोळे लावून मागे सरकणारे मूल कठडा पाहत नाही.

या सणाच्या बाबतीत आकाश आपल्या बाजूने असते. अक्षय्य तृतीयेला शुद्ध पक्षातली तिसरी तिथी असल्यामुळे चंद्राची बारीक कोर सूर्यास्तानंतर साधारण दोन-तीन तासांत मावळते. चांदण्याचा अडथळा उरत नाही. सूर्यास्त मात्र एप्रिलच्या अखेरीस आपल्याकडे सातच्या सुमारास होतो आणि पडद्यावरचे चित्र खऱ्या अर्थाने उठून दिसण्याइतका अंधार पावणेआठनंतरच पडतो. साडेसातला सुरू होणारा आयपीएलचा सामना पहिल्या चेंडूपासून मोठ्या पडद्यावर पाहण्याचा हट्ट असेल, तर पहिली काही षटके फिकट दिसणार हे गृहीत धरावे.

प्रोजेक्टर निवडताना पाहायचे आकडे

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘९००० ल्युमेन्स’ असे छापलेले असते. त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. ‘अन्सी ल्युमेन्स’ हा ठरावीक पद्धतीने मोजलेला उजेड असतो आणि घरगुती एलईडी प्रोजेक्टरांत तो बहुधा दीडशे ते पाचशेच्या दरम्यान भरतो. विक्रेता अन्सी आकडा सांगू शकत नसेल तर ते यंत्र सोडून द्यावे.

हा उजेड किती मोठ्या चित्राला पुरतो, याचा हिशेब सोपा आहे. शंभर इंची चित्राची रुंदी सुमारे २२१ सेंटीमीटर आणि उंची सुमारे १२५ सेंटीमीटर असते, म्हणजे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. तीनशे अन्सी ल्युमेन्सचा प्रोजेक्टर त्यावर चौरस मीटरमागे साधारण एकशे नऊ ल्युमेन्स उजेड टाकतो आणि अंधाऱ्या गच्चीवर तेवढा पुरतो. तेच चित्र एकशे वीस इंचांचे केले की क्षेत्रफळ जवळपास चार चौरस मीटर होते आणि उजेड पंचाहत्तरवर येतो. चित्र मोठे करण्याचा मोह प्रत्येक घरात कोणालातरी होतो, बहुधा भाच्याला. त्याला हा हिशेब दाखवावा.

दुसरा आकडा मूळ रिझोल्यूशनचा. ‘फोर-के सपोर्ट’ याचा अर्थ एवढाच, की यंत्र तसा सिग्नल स्वीकारते. दाखवते मात्र आपल्या मूळ क्षमतेनुसार. मूळ १०८० पी असलेला प्रोजेक्टर घ्यावा, कारण ७२० पीवर धावफलकातली आणि प्रश्नमंजूषेतली बारीक अक्षरे मागच्या रांगेला वाचता येत नाहीत.

तिसरा आकडा थ्रो रेशोचा, म्हणजे पडद्यापासूनचे अंतर आणि चित्राची रुंदी यांच्या गुणोत्तराचा. हे गुणोत्तर १.२ असेल तर शंभर इंची चित्रासाठी प्रोजेक्टर २२१ गुणिले १.२, म्हणजे सुमारे २६५ सेंटीमीटरवर ठेवावा लागतो. जेमतेम नऊ फूट. याचा व्यवहारातला अर्थ असा, की यंत्र प्रेक्षकांच्या मागे जात नाही, पहिल्या रांगेच्या मधोमध येते, आणि पहिली रांग लहान मुलांची असते. त्यावरचा उपाय पुढे बैठकीच्या भागात येईल.

वर्षातून दोनदाच वापर होणार असेल तर खरेदीची गरजही नाही. लग्नसमारंभांना ध्वनी आणि प्रकाशाची व्यवस्था पुरवणाऱ्यांकडे सभागृहात वापरायचे तीन हजार ल्युमेन्सचे प्रोजेक्टर भाड्याने मिळतात आणि ते घरगुती यंत्रापेक्षा कितीतरी उजळ असतात. अडचण एकच: आखाजीच्या आसपास लग्नांची दाट तिथ असते, त्यामुळे महिनाभर आधी सांगून ठेवावे लागते.

पडदा आणि वारा

भिंत नसेल तर मोठ्या पन्ह्याचा जाड पांढरा मांजरपाट घेऊन त्याला चारी बाजूंनी दोन इंची दुमड घालावी आणि शिंप्याकडून वीतभर अंतरावर पितळी कड्या ठोकून घ्याव्यात. पलंगपोस चालतो, पण पातळ असला तर मागचा उजेड आरपार येतो. अशा वेळी त्याच्या मागे गडद रंगाची चादर जोडावी. फ्लेक्सची उलटी बाजू वापरण्याची युक्ती बरेच जण करतात. तिच्या चकाकीमुळे चित्राच्या मध्यभागी प्रखर ठिपका दिसतो, म्हणून ती टाळलेली बरी.

दिवसभर तापलेल्या खानदेशात संध्याकाळी वारा अचानक उठतो आणि तेवढ्या कापडाचे क्षणात शीड होते. कड्यांतून सुतळी घालून ती बांबूला ताठ बांधली की पहिल्याच झोतात एकतर कडी निघते किंवा बांबू आडवा होतो. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून प्रत्येक कडी त्या पट्टीने बांबूला जोडावी. वारा आला की पट्टी ताणली जाते आणि ओसरला की कापड पुन्हा जागेवर येते. खालच्या दुमडीत एक लोखंडी पाइप सरकवला तर कापडाला वजन येऊन सुरकुत्या जातात. बांबू मात्र कुंडीत रोवून भागत नाही. कठड्याच्या पाइपाला किंवा पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्याला दोन जागी तारेने बांधावा. पश्चिमेकडे धुळीची भिंत दिसू लागली किंवा विजा चमकू लागल्या, तर कोणाचीही वाट न पाहता आधी प्रोजेक्टर खाली न्यावा. पडद्याचे काय होईल ते होवो.

वीज आणि उष्मा

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वीज जाणार हे धरूनच मांडणी करावी. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची असेल तर कागदावर तिच्यात १८०० वॉट-तास असतात. जुनी झालेली बॅटरी आणि रूपांतरातील घट धरता हाताशी हजारेक येतात. एलईडी प्रोजेक्टर शंभर वॉट, स्पीकर तीस, राउटर दहा आणि एक टेबल फॅन साठ असा दोनशे वॉटचा भार धरला तर पाच तास निघतात. त्याच इन्व्हर्टरवर खाली घरातले पंखे आणि दिवे चालू राहिले, तर दोन तासही निघत नाहीत. म्हणून वीज गेल्यावर खालचे काय बंद करायचे, हे आधीच एखाद्या शहाण्या माणसाला नेमून द्यावे. कूलर इन्व्हर्टरवर घेऊ नये. मोठा गेमिंग कन्सोल एकटाच दोनशे वॉटच्या आसपास खातो, हेही हिशेबात धरावे.

गच्चीपर्यंत वीज नेताना तीन पिनांचे, अर्थिंग असलेले, दीड चौरस मिलिमीटर तारेचे एकसंध एक्स्टेंशन वापरावे. दोन वायरी पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून केलेला जोड आखाजीच्या गच्चीवर चालत नाही, कारण त्याच गच्चीवर संध्याकाळी पाणी मारलेले असते. वायर कठड्याच्या कडेने न्यावी, माणसांच्या वाटेत आडवी टाकू नये. बोर्ड जमिनीवर न ठेवता पाटावर किंवा उलट्या घमेल्यावर ठेवावा.

उष्म्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तो यंत्राला थेट बाधतो. बहुतेक प्रोजेक्टर ३५ अंश, फार तर ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे दुपारचा पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो आणि रात्री आठलाही स्लॅब हात लावू देत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास गच्चीवर पाणी मारावे, कपडे धुतल्यानंतरचे पाणी त्यासाठी उत्तम, आणि साडेसातपर्यंत फरशी पूर्ण सुकू द्यावी. प्रोजेक्टर स्लॅबपासून किमान दोन-अडीच फूट उंच स्टुलावर ठेवावा, त्याच्या झरोक्यांपासून वीतभर जागा मोकळी ठेवावी आणि टेबल फॅनचा झोत बाजूने द्यावा. धूळ येऊ नये म्हणून त्यावर रुमाल टाकणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे होय. यंत्र दिवसा गच्चीवर नेऊन ठेवू नये. अंधार पडल्यावरच वर आणावे.

आवाज, शेजार आणि कायदा

प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर उघड्यावर दहा माणसांपलीकडे ऐकू जात नाही. एक मोठा स्पीकर पडद्याजवळ ठेवून तो जोरात लावण्यापेक्षा दोन मध्यम स्पीकर बैठकीच्या दोन्ही बाजूंना, माणसांकडे तोंड करून ठेवले तर कमी आवाजात सर्वांना स्पष्ट ऐकू येते आणि शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही. ज्येष्ठांना कमी ऐकू येत असल्यास त्यांची बाज स्पीकरजवळ घ्यावी. सर्वांसाठी आवाज वाढवत नेला की पुढे तो कमी करणे जमत नाही.

ब्लूटूथने जोडलेल्या स्पीकरचा आवाज ओठांच्या मागे पडतो, कारण आवाज हवेतून पाठवण्यात सेकंदाचा दशांश ते पाव भाग जातो. चित्रपट चालवणारी काही ॲप हा फरक भरून काढतात, पण खेळात तो फार खटकतो. साडेतीन मिलिमीटरची साधी ऑक्स वायर हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. म्हणून आवाजाचे कार्यक्रम दहाच्या आत उरकून नंतर चित्रखेळ किंवा बुद्धिबळ यांसारख्या शांत गोष्टी ठेवाव्यात. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवणे तर योग्यच. त्याहून सोपे म्हणजे त्यांनाच बोलवावे.

चित्र आणायचे कुठून

मोबाइलची स्क्रीन बिनतारी पद्धतीने पडद्यावर नेणे सोपे वाटते, पण अनेक चित्रपट-ॲप तसे केल्यास काळी चौकट दाखवतात आणि स्वस्त प्रोजेक्टरांत काही मोठ्या सेवांची अधिकृत ॲप चालत नाहीत. एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक किंवा लॅपटॉप असला की या दोन्ही अडचणी सुटतात. गच्चीवर घरातले वाय-फाय पोहोचते का, हे आदल्या दिवशी तपासावे. पोहोचत नसेल आणि मोबाइल हॉटस्पॉटवर चालवायचे असेल, तर फुल एचडी चित्राला तासाला सुमारे तीन जीबीपर्यंत डेटा लागतो; चार तासांच्या सामन्यात दिवसाचा कोटा कधीच संपलेला असतो. जे दाखवायचे ते शक्य तेवढे आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावे. ऑनलाइन प्रक्षेपण केबलच्या मागे चालते, त्यामुळे आपला गोलंदाज धावत येत असतानाच शेजारच्या घरातून ‘आउट!’ ऐकू येते. त्याला इलाज नाही.

काय दाखवावे, काय खेळावे

बहुतेक घरे इथेच कमी पडतात. यंत्र जमते, पडदा जमतो, आणि मग काय लावायचे यावर अर्धा तास वाद होऊन शेवटी कोणालाही नको असलेला चित्रपट सुरू होतो. कार्यक्रम आधी ठरवावा आणि त्यात चित्रपटाला सर्वांत शेवटची जागा द्यावी.

सुरुवात घरच्या जुन्या फोटोंनी करावी. आठवडाभर आधी आत्या, मामा, काका यांच्याकडचे अल्बम मागवावेत आणि दुपारच्या सावलीत, खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलने एकेका फोटोचा फोटो काढावा. प्लॅस्टिकच्या आवरणातून काढलेल्या फोटोवर चकाकी येते, म्हणून फोटो बाहेर काढता येत असेल तर काढावा. अल्बमला चिकटलेला असेल तर ओढू नये. फोटो पन्नासच्या आत ठेवावेत आणि स्लाइड आपोआप पुढे जाऊ न देता हाताने पुढे सरकवाव्यात, कारण खरी मौज फोटोवर सुरू होणाऱ्या बोलण्यात असते. कापसाच्या गाडीवर बसलेल्या, कपाळावर केस आलेल्या मुलाचा कृष्णधवल फोटो नऊ फूट अंतरावरून भिंतीएवढा दिसला की मागच्या बाजेवरून “हाऊ कोन शे रे?” असा प्रश्न येतो, त्यावर तीन जण तीन नावे सांगतात आणि पुढची दहा मिनिटे पडद्यावर काहीच बदलावे लागत नाही.

याच फोटोंतून खेळ तयार होतो. सादरीकरणाच्या कोणत्याही मोफत ॲपमध्ये एका स्लाइडवर फोटोचा फक्त एक तुकडा, डोळे, हात किंवा साडीचा काठ, आणि पुढच्या स्लाइडवर पूर्ण फोटो ठेवावा. त्याला जोड म्हणून खानदेशाविषयी प्रश्न घालावेत. १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन आपल्याकडे कुठल्या गावी भरले, तर फैजपूरला. बहिणाबाई चौधरींचे माहेर असोदे. बालकवी ठोंबरे १८९० मध्ये जन्मले ते धरणगावी. साने गुरुजी शिक्षक होते अमळनेरला. १९४२ च्या लढ्यात शिरीषकुमार हुतात्मा झाला तो नंदुरबारला. तापी आणि पूर्णा यांचा संगम चांगदेवला. अशा प्रश्नांत दर तिसरा प्रश्न घरातला असावा: आजोबांची पहिली मोटारसायकल कोणती, मोठ्या काकूंचे माहेर कोणते, थोरल्या जावयांना पहिल्या आखाजीला काय वाढले होते. पंचवीस प्रश्न पुष्कळ झाले.

संघ पाडताना एक नियम कटाक्षाने पाळावा: प्रत्येक संघात साठीपुढचा एक आणि बारा वर्षांखालचा एक असलाच पाहिजे. घरातले प्रश्न आजीला येतात, गाण्याची धून नातवाला ओळखू येते आणि मधल्या पिढीला दोघांच्या तोंडाकडे पाहावे लागते. जावयांचा एक आणि मुलींचा एक असे संघ करण्याची टूम निघतेच. ती पहिल्या फेरीपुरती मान्य करून पुढे मिसळण करावी, नाहीतर चेष्टेचे मानापमान व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा भरवशाचा खेळ म्हणजे चित्र काढून ओळखणे. मोबाइलवर चित्र काढण्याचे साधे ॲप उघडावे, त्याची स्क्रीन पडद्यावर न्यावी आणि एका चिठ्ठीवर लिहिलेली म्हण, गाव किंवा पदार्थ बोटाने काढून आपल्या संघाकडून दीड मिनिटात ओळखून घ्यावा. बिनतारी जोडणीत चित्र अर्धा सेकंद मागे पडले तरी इथे बिघडत नाही. ‘फौजदारी डाळ’ काढताना बहुतेक जण आधी टोपी काढतात, तर ‘कळण्याची भाकरी’ अजून कोणाला सुचेल अशी काढता येत नाही.

वेगाचे खेळ, म्हणजे शर्यत, फुटबॉल, क्रिकेट, मुलांना हवेच असतात. त्यांच्यासाठी प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करावा आणि कन्सोल एचडीएमआय वायरनेच जोडावा. चित्र वाकडे दिसते म्हणून ‘कीस्टोन’ने ते सरळ करण्याची सवय लागते, पण त्यात यंत्र चित्राचे काही पिक्सेल वाया घालवते आणि अनेक यंत्रांत बटण दाबणे व हालचाल दिसणे यांतले अंतर वाढते. स्टूल हलवून प्रोजेक्टर पडद्यासमोर काटकोनात आणणे केव्हाही बरे. दोन कंट्रोलर असल्यास पाच मिनिटांचा डाव आणि हरणाऱ्याने उठायचे, हा नियम फळ्यावर लिहून टांगावा. तोंडी सांगितलेला नियम मोठा भाऊ पाळत नाही.

डोळ्यांवर बांधायचे व्हीआर यंत्र कोणी पुण्याहून किंवा सुरतेहून घेऊन आले असेल तर ते गच्चीवर मुळीच वापरू नये. ते घातलेल्या माणसाला कठडा दिसत नाही. खाली बैठकीच्या खोलीत, मध्यभागी सतरंजी टाकून आणि एका मोठ्या माणसाला शेजारी उभे करून ते खेळावे. उत्पादकांनी दिलेली किमान वयाची अट, बहुधा दहा ते तेरा वर्षे, पाळावी.

पत्त्यांना त्यांचा कोपरा राखून ठेवावा. आखाजीचे पत्ते पडद्याने बंद पाडले असे कोणाला वाटता कामा नये. पडद्याकडे पाठ करून, मागच्या टोकाला, खाली लोंबणाऱ्या पिवळ्या बल्बखाली झब्बू आणि मेंढीकोट चालू द्यावे. त्या बल्बला पुठ्ठ्याची टोपी केली की उजेड पडद्यावर जात नाही.  डाव चिंचोक्यांवर खेळावा. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांना केंद्राच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने मनाई केली आहे, हे तरुण मंडळींच्या कानावर घालून ठेवावे.

बैठक आणि त्या संध्याकाळचा क्रम

चित्राची खालची कड फरशीपासून तीन फुटांवर यावी, म्हणजे पुढच्याचे डोके मागच्याला आड येत नाही. सर्वांत पुढे मुलांसाठी सतरंजी, तिच्या मागे गाद्या, त्यामागे खुर्च्या आणि शेवटी किंवा कडेला ज्येष्ठांच्या बाजा. प्रोजेक्टर पहिल्या रांगेच्या मधोमध येतो हे वर सांगितलेच आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रिकामी बाज लांबीने मांडावी, म्हणजे पाय मोकळे करायला उठलेले मूल स्टुलाला धडकत नाही आणि चालणाऱ्यांची वाट आपोआप कडेने जाते. जिन्याच्या पायऱ्यांवर एक छोटा दिवा चालू राहू द्यावा.

सहा वाजता पाणी मारणे, साडेसहाला पडदा, साडेसातपर्यंत जेवणे असा क्रम धरावा. आमरस-पुरणपोळीच्या जेवणानंतर पहिला अर्धा तास कोणीही प्रश्नांची उत्तरे देण्याच्या स्थितीत नसतो, म्हणून तेव्हा बायकांची गौराईची गाणी व झोके चालू द्यावेत आणि आठपर्यंत प्रोजेक्टर वर आणावा. सव्वाआठला फोटो, नऊला प्रश्नमंजूषा, साडेनऊला मुलांचे डाव, दहानंतर स्पीकर बंद करून सामन्याची शेवटची षटके किंवा उपशीर्षकांचा चित्रपट. मधल्या खाण्याला बोटे चिकट न करणारे पदार्थ बरे: शेव-मुरमुरे, भाजलेले बिबडे, शेंगदाणे. टरबूज ठेवायचे असेल तर ते कठड्याजवळ, वायरींपासून दूर, आणि कंट्रोलर हातात घेण्यापूर्वी हात धुण्याची बादली त्याच्या शेजारी.

आवराआवर

प्रोजेक्टर बटणाने बंद करून पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नये. दिव्याच्या, म्हणजे लॅम्पच्या, भाड्याच्या यंत्राला ही काळजी विशेष लागते, कारण वीज एकदम गेल्यास त्याचा दिवा तापलेलाच राहतो आणि त्याचे आयुष्य घटते. असे यंत्र शक्यतो इन्व्हर्टरवरच लावावे. भिंगावरची धूळ आधी फुग्याच्या ब्रशने उडवावी आणि मगच चष्म्याच्या मऊ कापडाने पुसावी. पदराने किंवा रुमालाने पुसल्यास कणांचे ओरखडे कायमचे राहतात. हवा आत घेणाऱ्या झरोक्याची जाळी निघत असेल तर ती दुसऱ्या दिवशी काढून झटकावी. आपल्या धुळीत एका रात्रीतही ती भरते.

मांजरपाट घडी न घालता खालच्या पाइपावरच गुंडाळून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी घड्यांच्या रेघा दिसत नाहीत. कंट्रोलर आणि चार्जिंगचे स्पीकर निम्मे भरून ठेवावेत. जूनमध्ये दमट हवा सुरू होण्यापूर्वी प्रोजेक्टर सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणबंद डब्यात ठेवावा आणि डब्यावर आतल्या वायरींची यादी चिकटवावी, कारण कोजागरीला डबा उघडल्यावर एचडीएमआयची वायर नेमकी नाशिकला गेलेली असते.